मठार

घागर खिडकीशी मांडली
आणि घागरीत मी आले.
एकदा नाही, प्रत्येक ठोक्यात एकदा.
हजारभर तांब्याच्या बायका,
डोळ्याला कॅमेरा लावून माझ्याकडेच बघणाऱ्या,
आणि प्रत्येकीच्या पाठीमागे
तांबट आळीचं तेच उघडं दार,
दारात तीच स्कूटर.

हे व्हायचंच. चकाकत्या भांड्याचा फोटो म्हणजे
भांड्यासमोरच्या सगळ्याचा फोटो.
विसरले होते. गेलं वर्षभर मी डोंगरच टिपत होते
आणि डोंगर काही परत दाखवत नाही.

डोंगराचं गणित निराळं.
पहाटे चारला निघायचं, अंजनेरीच्या अलीकडे
ट्रायपॉडचे पाय मातीत रोवायचे,
वाऱ्याने हलू नये म्हणून त्याला पाठपिशवी टांगायची,
छिद्र अकरावर, बोट बटणावर,
आणि मग थंडीत नाक पुसत
नुसतं बसून राहायचं.
एकदा गंगापूर धरणावर
तीस सेकंद उघडी ठेवली होती काच.
पाणी सायीसारखं आलं.
मधून एक माणूस होडी वल्हवत गेला होता,
माझ्याकडे बघून हातही केला होता त्याने.
फोटोत तो नाही.

"लपतेस कशाला?" त्र्यंबकआप्पा म्हणाले.
गिऱ्हाइकाला घागर हवी, मी नको, असं सांगितलं
तर हसले, आणि सुनेला हाक मारली.
सुलोचनावहिनींनी सासूचं पांढरं लुगडं आणलं, विरलेलं,
"फाड खुशाल, पोतेरंच व्हायचंय त्याचं."
दोन खिळ्यांवर ताणलं. मधोमध भोक पाडलं,
भोकातून भिंग, मी पलीकडे.
हजार बायका गेल्या.
पण घागरही गेली:
फिक्कट, कडा नसलेली,
तापातून उठल्यासारखी.

मग बुटांच्या खोक्याचं झाकण काळं रंगवून
तिच्या डाव्या कुशीला उभं केलं, चौकटीबाहेर.
तांब्यावर एक काळी रेघ उतरली
आणि घागर पुन्हा गोल झाली.
आप्पा वाकून बघत राहिले.
"म्हणजे उजेडाला पण ऐरण लागते," म्हणाले,
आणि चिंचेचे हात धोतराला पुसले.

तरी ठोके दिसेनात.
साडेचारपर्यंत थांबलो. चहा झाला, दुसरा झाला.
ऊन आडवं झालं, लुगड्यातून गाळून आलं
आणि एकेक ठोका आपापली सावली घेऊन वर आला,
ओळीने, गळ्यापासून बुडापर्यंत.
ब्रह्मगिरीच्या घळी अशाच दिसतात, सकाळी सातला.
बाराला जा, सगळा पुठ्ठा.
मी हे बोलले नाही. बटण दाबत राहिले.

बारा भांडी झाली. बंब, तपेली, दोन पंचपात्र्या,
कल्हईचा एक डबा, जो सगळ्यात वाईट आला.
सामान आवरताना आप्पा खरवईवर बसले,
नवं तपेलं अडकवलं, ठोकू लागले.
उजेड फार उरला नव्हता.
एका सेकंदाचा आठवा भाग, त्याहून जलद जमेना.
काढला एक, असाच.

पडद्यावर पाहिला: तपेलं स्वच्छ, खरवई स्वच्छ,
आप्पांचा गुडघा, त्यावरचं ठिगळसुद्धा.
हाताच्या जागी धूर. हातोडा नाहीच.
खोडणार होते.

"थांब," ते म्हणाले. चष्मा शोधला.
"बरोबर आलाय की. साठ वर्षं झाली,
हातोडा मला तरी कुठे दिसतो?"

गिऱ्हाइकाने बारा घेतले, पांढऱ्या पाठीवरचे,
दोन परत पाठवले, रंग जरा लाल म्हणून.
तेरावा मी कागदावर छापून
पुढच्या बुधवारी आळीत नेऊन दिला.

आप्पांनी तो उजेडाकडे धरला, मग आडवा धरला.
मधोमध नखाने टिचकी मारली
आणि कान जवळ नेला.

"पातळ आहे," म्हणाले.
"पण चालेल."